एक ओगराळं कमी

मेष्ट्रु गेल्याचं मला तेविसाव्या दिवशी कळलं. तेही शिवायला टाकलेलं ब्लाउज आणायला देवराज मोहल्ल्यात गेले होते म्हणून. शिंपी काजं करत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "अक्का, मेष्ट्रु गेले, गोत्ता?"

मला ठाऊक नव्हतं. "कधी?" मी विचारलं.

"अय्यो, तेरावंसुद्धा झालं की. तुम्हाला निरोप नाही आला?"

विचारल्यावर त्याला आठवलं असावं, आमच्या घरी निरोप येत नाहीत ते. त्याने दातांनी दोरा तोडला, ब्लाउज जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

म्हैसुरातल्या आमच्या मराठी शिंपी समाजात कोणी गेलं की एक माणूस घरोघर पाठवतात. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, गेलेल्याचं नाव सांगतो, वेळ सांगतो आणि निघतो. आत येत नाही, पाणी घेत नाही. आता फोन आले तरी ही रीत अजून थोडीफार आहे. माझे वडील, अप्पा, गेले त्या वर्षापासून आमचं दार त्या फेरीतून वगळलं गेलं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आमच्याकडे निरोप घेऊन यायचे ते एकटे मेष्ट्रु. त्यांना कोणी पाठवलेलं नसे. ते आपणहून येत. त्यामुळे त्यांचा निरोप कोण आणणार होतं?

मेष्ट्रु हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या गल्लीत ज्याच्या गळ्यात टेप तो मास्तर. अप्पा मास्तर, समोरचे कोटवाले मास्तर, कोपऱ्यावरचे झबली-टोपडी शिवणारे तेही मास्तर. म्हणून शाळेत शिकवणाऱ्या खऱ्या मास्तरांना वेगळं ओळखायला कन्नड शब्द घेतला गेला. ते एका सरकारी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. शिंप्याच्या घरात जन्मून त्यांना बटणही लावता येत नसे. टेप मात्र त्यांच्याही गळ्यात होती. आकडे पुसून गेलेली, पिवळी पडलेली, त्यांच्या वडिलांची. तिच्या टोकाला एक लांब लोखंडी किल्ली बांधलेली असे. वर्गात फळ्याकडे वळले की ती किल्ली खडूच्या डब्यावर आपटून वाजे.

ती किल्ली भांड्यांच्या खोलीची होती. आमच्या समाजाच्या देवळामागे एक बसकी खोली होती आणि तिच्यात समाजाची भांडी. शंभर माणसांच्या भाताची पातेली, कढया, पराती, घंगाळं, झारे, ओगराळी. कोणाच्याही घरी लग्न, बारसं, तेरावं असलं की तिथून भांडी न्यायची आणि घासून, कल्हई करून परत आणायची. भाडं नाही. आधी कोणाला, नंतर कोणाला, यावरून भांडणं होत, पण भांडी बाहेर राहिली असं कधी झालं नाही.

बाकी लोकांना ती नुसती भांडी होती. मेष्ट्रूंना त्यात सगळं राज्यशास्त्र दिसे.

तरुणपणी, स्वातंत्र्य नवं होतं तेव्हा, ते समाजवाद्यांमध्ये होते. शिबिरांना जात, लाल टोपी घालत. एका शिबिरात कोणीतरी म्हणालं, आधी प्रत्येकाने आपली जात सोडल्याचं जाहीर करा. मेष्ट्रूंनी विचारलं, "आणि माझ्या बहिणीच्या लग्नाला पातेली कुठून आणू? पक्षाकडे आहेत का?" सगळे हसले. मेष्ट्रूंनी ते थट्टेत विचारलं नव्हतं. त्यांनी टोपी घडी करून खिशात ठेवली आणि रात्रीच्या गाडीने परत आले. इकडे देवळातले म्हातारे त्यांना 'लाल' म्हणत, कारण ते गिरणी आणि जमीन सगळ्यांची व्हावी असं म्हणत. तिकडचे पक्षवाले त्यांना 'भटजी' म्हणत, कारण एकादशी सोडत नसत. दोन्ही नावांचा त्यांना राग नव्हता. "दोघं एकदम शिव्या देतात, म्हणजे मी मध्ये कुठेतरी उभा असणार," असं म्हणत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सगळ्यांच्या मालकीची वस्तू तिथेच टिकते जिथे माणसं एकमेकांच्या आजोबांना ओळखतात. सरकारने सगळ्यांच्या नावाने काही घेतलं की किल्ली दिल्लीत राहते आणि कोठार इथे, मग उंदीर खातात. आणि माणूस नुसता मोकळा सोडला तर श्रीमंत होतो किंवा वेडा होतो. म्हणून आधी गल्ली, मग गाव, मग देश. आणि कायद्याआधी लाज. "लाजेला पगार द्यावा लागत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणीबाणीत पोलीस त्यांची चौकशी करायला आले होते. फौजदाराने विचारलं, कुठल्या संघटनेत आहात? मेष्ट्रु म्हणाले, "भांडी कोठडी." फौजदाराने ते लिहून घेतलं म्हणतात. त्यांना नेलं नाही.

या विचारांवर ते एक पुस्तक लिहीत होते, मराठीत. आमच्या गल्लीत सगळे मराठी बोलत, तीही निम्मी कन्नड. वाचता कोणालाच येत नसे, शाळा सगळ्या कन्नड. मग हे पुस्तक वाचणार कोण, असं मी एकदा विचारलं. मी तेव्हा सातवीत असेन. ते म्हणाले, "घरात जी भाषा बोलतो तिच्यात खोटं लिहिलं की लगेच कळतं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला मराठी वाचायला शिकवायला सुरुवात केली, बहुधा एक तरी वाचक असावा म्हणून. संध्याकाळी त्यांच्या पडवीत चटईवर बसून मी त्यांची वही मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'माणूस एकटा जन्मत नाही, त्याला धरायला कोणीतरी हात पुढे केलेले असतात.' पुस्तक तिसऱ्या प्रकरणापलीकडे गेलं नाही. दर वर्षी ते प्रस्तावना नव्याने लिहीत. आज मी हे लिहिते आहे ती लिपी, हे शब्द, वाक्य कुठे संपवावं ते कळणं, सगळं त्या चटईवरचं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते नुसते बोलत नसत. एकदा त्यांनी बारा शिंप्यांना एकत्र करून एक सामायिक कारखाना काढला. शाळांचे गणवेश शिवायचे, सगळ्यांनी मिळून. मशिनी बारा, खिडकी एक. उजेडाच्या जागेवरून पहिल्या आठवड्यातच कुरबूर सुरू झाली. मेष्ट्रूंनी तोड काढली: दर सोमवारी प्रत्येकाने एक जागा डावीकडे सरकायचं, म्हणजे बारा आठवड्यांत खिडकी प्रत्येकाला मिळेल. कागदावर अगदी बरोबर होतं. सोमवारी सगळ्यात म्हातारे शिंपी जागचे हलले नाहीत.

"सरका की मामा," मेष्ट्रु म्हणाले.

"माझा पाय या मशिनीला ओळखतो."

"पाय शिकेल दुसरी."

"मेष्ट्रु, तुम्ही दुसऱ्याचा चष्मा घालून वाचाल का? सांगा."

मेष्ट्रूंनी खरंच एकाचा चष्मा मागून घेतला, घातला आणि वही उघडली. बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा परत केला. कारखाना वर्षभर चालला आणि बंद पडला. त्या प्रसंगानंतर त्यांनी प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवला आणि नंतर खोडला.

नावं पुसण्याचं प्रकरण त्याआधीचं. ते मी अप्पांकडून ऐकलेलं आहे. पूर्वी समाजाच्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं ठोकलेली असत. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून. पंगतीत कोणीतरी म्हणे, 'भात आमच्या पातेल्यातला आहे बरं का,' आणि मग दुसऱ्याला घास उतरत नसे. मेष्ट्रूंनी बैठकीत मांडलं, नावं काढून टाका, नुसते नंबर घाला. गलाटा झाला. आमच्या आजोबांचं नाव पुसणारे तुम्ही कोण? दुसऱ्या दिवशी मेष्ट्रूंनी एका तांबटाला देवळाच्या अंगणात बसवलं आणि स्वतःच्या आजोबांनी दिलेलं सगळ्यात मोठं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. तांबट नाव ठोकून सपाट करत होता तेव्हा मेष्ट्रु शेजारी हात जोडून बसले होते, श्राद्धाला बसावं तसे. दुसरं भांडं अप्पांनी आणलं. माझ्या आजोबांनी दिलेलं पितळी ओगराळं, लांब दांड्याचं. अप्पांचा मेष्ट्रूंवर तेवढा विश्वास होता. मग लाजेने एकेक जण येत गेला.

बैलकुप्प्याची सहल मात्र मी स्वतः पाहिली. तिबेटी निर्वासितांची वसाहत तिथे झाली होती. त्यांची शेती सहकारी आहे हे ऐकून मेष्ट्रूंना राहवेना. शाळेतल्या मुलांना घेऊन निघाले, मलाही नेलं. त्यांनी शेती पाहिली नाही की मंदिर धड पाहिलं नाही. थेट मठाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे माणूस बसेल एवढाल्या कढया होत्या. मेष्ट्रु त्यांच्यावरून हात फिरवत राहिले. "बघा," आम्हाला म्हणाले, "देश गेला, कढया राहिल्या, म्हणून माणसं राहिली." मग त्यांनी एका भिक्षूला मोडक्या हिंदीत विचारलं, याची किल्ली कोणाकडे असते? भिक्षूला प्रश्नच कळेना. मेष्ट्रूंनी गळ्यातली किल्ली दाखवली. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, कुलूपच नाही.

परतताना बेट्टदपुरचा डोंगर मागे पडेपर्यंत मेष्ट्रु गळ्यातली किल्ली मुठीत धरून बसले होते.

आता अप्पांच्या वर्षाचं लिहायला हवं.

माझी अक्का, थोरली बहीण, टेलिफोन ऑफिसात होती. तिने तिथल्याच एकाशी लग्न केलं. ज्यांच्या हातचं पाणी आमच्यात चालत नसे, अशा घरातला मुलगा. अप्पांनी दोन महिने तिचं नाव घेतलं नाही, मग एका रविवारी स्वतःच तिच्या घरी जाऊन जेवून आले. समाजाने तेव्हा काही केलं नाही. अप्पा होते, त्यांच्या हातचा कोट अर्ध्या मोहल्ल्याच्या अंगावर होता. चौथ्या वर्षी अप्पा गेले, मशिनीवरच.

दहाव्या दिवशी समाजाचे अध्यक्ष दोन पंचांना घेऊन आले. आईपुढे खाली बसले. माणूस वाईट नव्हता.

"वहिनी, भांडी उद्याच पाठवतो. मोठी कढई, पातेली, सगळं. मास्तरांचं तेरावं नीटच व्हायला पाहिजे. तेवढं एक..."

"काय?"

"थोरलीला त्या दिवशी बेडा."

'बेडा' म्हणजे नको. आईने विचारलं, "बापाच्या तेराव्याला लेक नको?"

"येऊ दे की आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी येऊ दे. पंगतीला नम्मवरु येणार, म्हातारी माणसं येणार. सुम्ने, उगाच गलाटा कशाला?"

नम्मवरु. आपली माणसं. आमच्यात हा शब्द सारखा तोंडात असे. नम्मवरु आहेत का, म्हणून सोयरीक विचारायची. नम्मवरु आहेत, म्हणून दुकान धरायचं. अध्यक्षांनी तो तेव्हा उच्चारला आणि त्यानंतर मी तो कधी तोंडातून काढला नाही.

आई म्हणाली, "थोरली येणार. जावई येणार. दोघं पंगतीत बसणार."

त्याच संध्याकाळी देवळात बैठक झाली. आमच्या बाजूने एकटे मेष्ट्रु बोलले. पाऊण तास बोलले, असं समोरच्या कोटवाल्या मास्तरांनी सांगितलं. ज्याने घरातल्यांना बाहेर ठेवायला भांडी वापरली त्याने भांड्यांना भोक पाडलं, असं काहीसं म्हणाले. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचा एकच वर होता.

सकाळी आई मला घेऊन देवळामागे गेली. मेष्ट्रु खोलीच्या पायरीवर बसले होते. किल्ली गळ्यात.

"मेष्ट्रु, कुलूप उघडा."

"वहिनी, किल्ली माझ्या गळ्यात आहे, माझी नाही."

"तुम्हाला पटलंय का त्यांचं?"

"नाही. मी हरलो. पण हरल्यावर ऐकायचं असतं. मी आज तुमच्यासाठी उघडलं तर चांगलंच केलं असं मला वाटेल. उद्या दुसरा कोणी स्वतःला चांगलं वाटतं म्हणून उघडेल. मग समाज राहत नाही वहिनी, नुसता किल्लीवाला राहतो."

आई कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही नाही चढवला. म्हणाली, "तुमच्या शब्दावर ह्यांनी मामंजींचं नाव पुसलं. नाव असतं तर आज एक ओगराळं तरी माझं म्हणून मागितलं असतं मी."

मेष्ट्रूंनी मान खाली घातली. मी एकवीस वर्षांची होते, पुस्तकं वाचलेली होती, आणि मला कुठे घाव बसेल ते ठाऊक होतं.

"बैलकुप्प्याला कुलूप नव्हतं, मेष्ट्रु," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहीतलं एखादं वाक्य मी चुकीचं वाचलं की पाहायचे तसं. मी आईचा हात धरून निघाले.

तेराव्याच्या सकाळी ढकलगाडीचा आवाज आला. मेष्ट्रु स्वतः गाडी लोटत आले होते. शाळेचा कोट घातलेला, धोतर घोट्यापर्यंत चिखलाचं. गाडीत त्यांच्या घरातलं एकूण एक भांडं होतं. तांब्या-पेल्यांसकट. एकट्या माणसाचा संसार तो, केवढा असणार? सगळ्यात मोठ्या पातेल्यात दहा जणांचा भात. तोच पाच वेळा लावला. समाजातून कोटवाले मास्तर आणि आणखी दोन घरं आली. बाकी अक्काच्या सासरची माणसं आणि टेलिफोन ऑफिसातल्या चार बायका. मेष्ट्रु पहिल्या पंगतीत बसले, माझ्या मेहुण्यांच्या वडिलांच्या शेजारी. मेहुणे हुळी वाढत आले. हुळी म्हणजे आमच्याकडचं आंबट वरण. त्यांचा हात थोडा थांबला.

"वाढा की," मेष्ट्रु म्हणाले. "मधोमध वाढा, मला कालवून लागतं."

पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं म्हणे, मी तिथे जेवलो, काय शिक्षा असेल ती द्या. कोणी दिली नाही. मेष्ट्रु वेडे आहेत, होगली बिडी, जाऊ द्या, म्हणाले. मला वाटतं त्यांना शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आई भांडी घासत होती. मध्येच तिचे हात थांबले. एक लांब दांड्याचं पितळी ओगराळं होतं, दांड्यावर नंबर ठोकलेला आणि दांडा वाटीला जिथे जोडतात तिथे तांब्याचे दोन खिळे. "हे मामंजींचं," ती म्हणाली. "माझ्या लग्नात दांडा निसटला होता. हे खिळे तेव्हाचे."

समाजाच्या खोलीतलं ओगराळं मेष्ट्रूंच्या भांड्यांत. गडबडीत आलं असेल असं क्षणभर वाटलं. पण त्या खोलीतून काही गडबडीत येत नसे.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन आले. आईने सगळी भांडी लावून दिली आणि ओगराळं वेगळं पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं, हातात घेतलं नाही.

"हे माझं नाही, वहिनी," म्हणाले आणि गाडीची दोरी बांधायला लागले.

आईने ओगराळं चुलीजवळच्या खिळ्याला टांगलं. मला फार राग आला. सगळं कोठार अडवून धरलं आणि आमचंच एक ओगराळं आम्हाला गुपचूप आणून दिलं, यात काय मोठं? मी आईला तसं म्हणालेही. आई म्हणाली, "तुला नाही कळायचं." खरंच नाही कळलं.

मग निरोप सुरू झाले. कोणी गेलं की मेष्ट्रु दारात. नाव, वेळ, घाट. लग्नाचं असलं तरी तसंच, उंबऱ्याबाहेर उभं राहून. आई "बसा" म्हणे. "निरोप्या बसत नाही," ते म्हणत. आई कुठे जात नसे, पण मरणाचा निरोप आला की डोक्यावरून आंघोळ करी. मी बहुतेक वेळा आत असे. आई गेली तेव्हा मेष्ट्रूंनीच सगळ्या समाजात निरोप फिरवला. चार माणसं आली. ते पाचवे.

नंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आले, कॉलेजच्या ग्रंथालयाजवळ. तिथेही ते येत, दोन बसगाड्या बदलून, दोन जिने चढून. ऐंशी उलटलेली. दार उघडलं की आधी श्वास घेत उभे राहत, मग नाव सांगत. मला त्या रीतीचा आधार होता. ते बसत नव्हते, म्हणून मला बोलावं लागत नव्हतं. कितीदा ओठांवर आलं की मेष्ट्रु, मी त्या दिवशी जे म्हणाले ते परत घेते. ते जिना उतरायला लागलेले असत. एकदा जिन्यातूनच त्यांनी विचारलं, "मराठी वाचतेस ना?" मी हो म्हणाले.

यंदा काही महिने ते आले नाहीत. मला वाटलं, बरं आहे, कोणी गेलं नाही.

शिंप्याकडून कळल्यावर मी देवळात गेले. इतक्या वर्षांनी. समाजाचा आताचा सेक्रेटरी तरुण आहे, मोबाइलची दुकानं आहेत त्याची. मला ओळखत नव्हता, अप्पांचं नाव सांगितल्यावर उभा राहिला. मेष्ट्रु राहत त्या खोलीचं विचारलं. बेंगळुरूहून भाचा आला होता, त्याने दोन दिवसांत रिकामी केली. वह्या?

"त्या रद्दीत गेल्या, अक्का. मराठीत होत्या, अल्वा? कोणाला कळणार?"

तो मला बरं वाटावं म्हणून बोलत राहिला. "मोठा माणूस. फक्त शेवटी शेवटी विसरायला लागले. म्हणजे शेवटी नाही, आमच्या वडिलांच्या वेळेला. भांड्यांची किल्ली त्यांच्याकडे होती ना? एका वर्षी मोजणीत एक ओगराळं कमी निघालं. स्वतःच उभे राहिले, म्हणाले, माझ्या हातून गेलं, कुठे गेलं विचारू नका, मी किल्ली ठेवायला लायक नाही. सगळे म्हणाले, मेष्ट्रु, एका ओगराळ्याचं काय? ऐकले नाहीत. टेपीसकट काढून ठेवली. पुन्हा त्या खोलीची पायरी चढले नाहीत म्हणतात. सांगा, एका ओगराळ्यासाठी!"

"कुठल्या वर्षी?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"तुमचे अप्पा गेले ना, त्याच वर्षी असेल. वडील म्हणायचे."

दारात ते यायला लागले तेव्हा त्यांच्या गळ्यात किल्ली नसे. पुढे माझ्या दारातही मी ते कितीदा पाहिलं असेल, ध्यानात आलं नाही. आईने पाहिलं होतं. मी तेव्हा दारापर्यंत जातच नव्हते.

पुढच्या गुरुवारी मी आईमागे माझ्याकडे आलेलं ओगराळं चिंचेने घासलं. कल्हई करणारा शोधला, आता म्हैसुरात ते एक-दोनच उरलेत. आतून चांदीसारखं झालं. कापडी पिशवीत घातलं. दांडा बाहेरच राहत होता. नेऊन देवळात ठेवायचं, एवढंच ठरवलं होतं. मेष्ट्रूंची मोजणी पुरी व्हावी. बाकी काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

सेक्रेटरीने ओगराळं उलटंसुलटं करून पाहिलं. नंबर वाचला. मग जरा ओशाळला.

"अक्का, हे ठेवू कुठे?"

त्याने खोली उघडून दाखवली. आत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकात एक घातलेल्या, आणि कोपऱ्यात स्पीकर. भांडी तीन वर्षांपूर्वी मोडीत दिली. हल्ली सगळे केटरर सांगतात, कोण घासणार, कोण कल्हई करणार? मेष्ट्रूंना माहीत होतं का, मी विचारलं.

"सांगितलं होतं. आयतु, म्हणाले. झालं. एवढंच."

मग तो म्हणाला, "तुमच्याकडेच असू दे की. नाहीतरी समाजाचं म्हणून आता हे एकच राहिलं." त्याने ते सहज म्हटलं आणि खोलीला कुलूप लावलं.

मी बसमध्ये बसले तेव्हा दुपार होती. ओगराळं मांडीवर आडवं, दांडा शेजारणीच्या बाजूला जाऊ नये म्हणून धरून ठेवलेला. ती मार्केटातून निघाली होती, विड्याच्या पानांची पिशवी आणि मोगऱ्याची पुडी घेऊन. थोडा वेळ पाहून तिने कन्नडमध्ये विचारलं, घरी लग्न आहे का?

नाही, मी म्हणाले, तेरावं.

"यारदु?" कोणाचं?

मी खिडकीबाहेर पाहिलं. तो शब्द तीस वर्षं तोंडात आला नव्हता, आणि आता दुसरा कुठलाच येत नव्हता.

"नम्मवरदे," मी म्हणाले. आपल्याच माणसाचं.

तिने पानांची पिशवी पायाखाली ओढली, पदर आवरला आणि ओगराळ्याच्या दांड्याला जागा करून दिली.